यादीसारखा वागणारा पाऊस

कर्जत आणि खालापूर या सह्याद्रीला टेकलेल्या दोन तालुक्यांत पावसाची नोंद ही रोजच्या कामाची गोष्ट आहे. कर्जतचं पाणी उल्हास नदी नेते, खालापूरचं पाताळगंगा. भाताची लावणी, बोरघाटातली रेल्वे, डोंगरउतारावरच्या वाड्यांची सुरक्षितता हे सगळं या दोन खोऱ्यांत किती पडलं यावर अवलंबून असतं. इथल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी पावसाच्या नोंदी निवडाव्यात हे म्हणूनच योग्य आहे. पायथनमध्ये असा प्रोग्रॅम लिहायला घेतला की पहिली ओळ बहुधा एका लिस्टची असते: १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस, मिलिमीटरमध्ये १२२ आकडे. ही सुरुवात चुकीची नाही. पण त्या लिस्टला स्वतःबद्दल फार थोडं ठाऊक असतं. पहिला आकडा कोणत्या तारखेचा, नोंद कर्जत शहराची की त्याच तालुक्यातल्या माथेरानची, हे तिला माहीत नाही. हवामान खात्याच्या पद्धतीनुसार एखाद्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस आदल्या सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो, हेही तिला माहीत नाही. हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं आणि दर वेळी नव्याने, हाताने, इंडेक्सच्या बेरीज-वजाबाकीत उतरवावं लागतं.

त्या बेरीज-वजाबाकीत एका दिवसाची चूक काय करू शकते ते पाहा. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. त्या रात्रीचा पाऊस साडेआठच्या नियमाने २० जुलैच्या नोंदीत जातो. १ जूनचा इंडेक्स शून्य धरला तर १९ जुलैचा ४८ येतो आणि २० जुलैचा ४९. दरडीआधीच्या तीन दिवसांची बेरीज काढणारा प्रोग्रॅम ४८ वर थांबला, तर ज्या रात्रीचा अभ्यास करायचा आहे तीच रात्र बेरजेबाहेर राहते. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, उत्तर येतं, आलेखही निघतो. अशा चुका टाळायच्या तर ‘या इंडेक्सची तारीख कोणती’ हा हिशोब प्रोग्रॅमभर पसरू न देता एकाच जागी ठेवावा लागतो. ती जागा म्हणजे आपण स्वतः लिहिलेला सीक्वेन्स क्लास. आकडे तो आत झाकून ठेवतो आणि बाहेरून लिस्टसारखा दिसतो, म्हणून त्याला रॅपर क्लास म्हणतात.

असा क्लास कसा लिहावा याबद्दल या लेखाचं म्हणणं एकच आहे. रॅपर क्लासला लिस्टपेक्षा जास्त माहिती असावी, पण यादी म्हणून त्याने लिस्टपेक्षा निराळं वागू नये. तारीख, केंद्र, खाडे ही जास्तीची माहिती नाव दिलेल्या स्वतंत्र मेथडमधून द्यावी. चौकटी कंस, लेन, फॉर-लूप, ‘इन’, स्लाइस ही मात्र भाषेची सामाईक चिन्हं आहेत. त्यांचा अर्थ आधीच ठरलेला आहे आणि आपला कोड वाचणारा प्रत्येक माणूस, आपला कोड वापरणारं प्रत्येक फंक्शन, तोच अर्थ गृहीत धरून चालतं. पुढचे सगळे सल्ले या एका म्हणण्यातून निघतात. (पायथनच्या मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. गेटआयटम, लेन, इटर, ईक्यू यांसारख्या खास मेथडच्या नावांना प्रत्यक्ष कोडमध्ये मागे-पुढे दोन-दोन अधोरेखा लागतात. क्लासचं आणि चलांचं नाव मात्र पायथन ३ मध्ये थेट देवनागरीत ठेवता येतं. आपण आपल्या क्लासला ‘पर्जन्यक्रम’ म्हणू आणि त्याच्या ऑब्जेक्टला ‘पाऊस’.)

मुळात प्रत्येक यादीला रॅपर लागत नाही. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलची स्थानकं घ्या: कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. ही सहा नावं क्रमाने हवी आहेत आणि ती बदलणार नाहीत, एवढंच. साधा टपल पुरतो. त्यावर क्लास चढवला तर वाचणाऱ्याला एक फाइल जास्त उघडावी लागेल आणि हाती काहीच येणार नाही. उलट बाजूने, काही गोष्टी यादीसारख्या वाटतात पण सीक्वेन्स नसतात. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जातींना कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी नावं आहेत. यावर क्लास लिहून चौकटी कंसात १८४ टाकल्यावर ती जात परत द्यायचा मोह होईल. पण १८४ हा तिथे नावाचा भाग आहे, तिच्याआधी रांगेत १८४ जाती उभ्या नाहीत. लेन आणि सर्वांत मोठी ‘जागा’ यांचा मेळ बसत नसेल, मधले आकडे रिकामे असतील, तर तो डिक्शनरीचा विषय आहे. पर्जन्यक्रम मात्र या दोन्हींच्या मधोमध नेमका बसतो. त्यात क्रम आहे, खंड नाही, प्रत्येक जागेला एक तारीख आहे आणि तो नियम कुणी मोडता कामा नये.

आता तो लिहायचा कसा? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे लिस्टचा वारसा घ्यायचा: पर्जन्यक्रम हा लिस्टचा सबक्लास. एका ओळीत सगळं फुकट मिळतं. हा मार्ग टाळावा, आणि त्याची कारणं कोडमध्ये तपासून पाहता येतात. समजा उणे आकडा आत येऊ नये म्हणून आपण अपेंड ही मेथड बदलून तपासणी घातली. पायथनच्या लिस्टची एक्स्टेंड मेथड अपेंडला बोलावत नाही. इन्सर्ट बोलावत नाही, अधिक-बरोबर बोलावत नाही, स्लाइसला किंमत देणंही बोलावत नाही. आपण एका दारावर पहारा बसवला आणि उरलेली दारं उघडी राहिली. दुसरं, लिस्टच्या सबक्लासची स्लाइस घेतली की हातात साधी लिस्ट येते. अधिक चिन्हाने जोडली, कॉपी केली, तरी साधी लिस्ट. आपली सुरुवातीची तारीख पहिल्याच स्लाइसला गळून पडते. तिसरं, सॉर्ट, रिव्हर्स, मधोमध इन्सर्ट या सगळ्या मेथड आपसूक मिळतात. १२२ दिवसांचा पाऊस चढत्या क्रमाने सॉर्ट करून त्याच ऑब्जेक्टमध्ये ठेवला तर प्रत्येक तारखेपुढे दुसऱ्याच दिवसाचा पाऊस येतो. जे करणं निरर्थक आहे ते करायची सोय ठेवणं हाच इथे दोष आहे.

हे पायथनपुरतं नाही. जावात अगदी सुरुवातीच्या आवृत्तीपासून स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा वारस आहे, त्यामुळे ज्या रचनेत फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं तिच्या मधोमध वस्तू घुसवता येते. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’मध्ये हॅशसेटचा वारसा घेऊन किती वस्तू घातल्या ते मोजणारा क्लास दाखवला आहे. हॅशसेटची ॲडऑल आतून ॲडला बोलावते, म्हणून दोन्हीकडे मोजणाऱ्या क्लासमध्ये प्रत्येक वस्तू दोनदा मोजली जाते. त्याच जावातल्या ॲरेलिस्टची ॲडऑल मात्र ॲडला बोलावत नाही. म्हणजे एका ठिकाणी दुप्पट मोजणी, दुसऱ्या ठिकाणी, पायथनच्या लिस्टप्रमाणेच, मोजणीच नाही. वारसा घेणाऱ्याला पालक क्लास आतून कोण कोणाला बोलावतो हे माहीत असावं लागतं, आणि तो तपशील त्या क्लासचा खासगी असतो. उद्याच्या आवृत्तीत तो बदलला तर आपला क्लास आपण हात न लावता बिघडतो. म्हणून आकडे आत एका टपलमध्ये ठेवावेत आणि बाहेर फक्त आपण ठरवलेलंच दिसू द्यावं. कन्स्ट्रक्टरमध्ये आलेले आकडे टपल करून घेणं विसरू नये. बाहेरची लिस्ट तशीच धरून ठेवली तर ती देणाऱ्याने नंतर तिच्यात केलेला बदल आपल्या नोंदीत शिरतो. उणे आकडा, केंद्राचं रिकामं नाव यांची तपासणीही इथेच, एकदाच.

‘वारसा सोडला तर लिस्टच्या सगळ्या मेथड हाताने लिहायच्या का?’ ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर पायथनमध्ये तयार आहे. कलेक्शन्स डॉट एबीसी या मोड्यूलमधला सीक्वेन्स हा अमूर्त क्लास आपल्याकडे दोनच मेथड मागतो: गेटआयटम आणि लेन. त्या दिल्या की इटर, कंटेन्स, रिव्हर्स्ड, इंडेक्स आणि काउंट या पाच तो स्वतः पुरवतो. जावातल्या ॲब्स्ट्रॅक्टलिस्टची मागणीही अशीच, गेट आणि साइझ एवढीच. (जुनी पुस्तकं सीक्वेन्स थेट कलेक्शन्समधून आणायला सांगतात. पायथन ३.१० पासून तो मार्ग बंद झाला आहे.) हा वारसाच आहे, पण वेगळ्या जातीचा. सीक्वेन्स क्लासकडे स्वतःचे आकडे नसतात, आणि त्याच्या मेथड आपल्या कोणत्या मेथडवर उभ्या आहेत हे दस्तऐवजात उघड लिहिलेलं आहे.

मात्र या पाच मेथड आपल्या गेटआयटमवर विश्वास टाकून चालतात, आणि तो विश्वास मोडला की काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे एकपासून मोजणं. ‘जूनचा पहिला दिवस म्हणजे पाऊस[१] असायला हवा’ हे म्हणणं माणसाला पटण्यासारखं आहे. त्यासाठी गेटआयटममध्ये आलेल्या इंडेक्समधून एक वजा करून आतल्या टपलला विचारायचं, झालं. आता ३० दिवसांच्या जूनवर फॉर-लूप चालवा. सीक्वेन्सने दिलेली इटर शून्यापासून मोजायला लागते आणि इंडेक्सएरर येईपर्यंत थांबत नाही. शून्यातून एक वजा म्हणजे उणे एक, आणि पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा घटक. त्यामुळे लूपमध्ये पहिल्यांदा ३० जूनचा पाऊस येतो, मग १ जूनपासून ३० जूनपर्यंत सगळे. लेन सांगते ३०, लूप फिरतो ३१ वेळा, आणि महिन्याच्या बेरजेत ३० जून दोनदा धरला जातो. कोकणात जूनअखेरीला पाऊस जोरात असतो, म्हणजे फरकही लहान नसणार. हीच गत गेटआयटममधून इंडेक्सएररऐवजी कीएरर बाहेर पडल्यावर होते, फक्त तिथे लूप सगळे आकडे देऊन झाल्यावर थांबण्याऐवजी कोसळतो. शून्यापासून मोजणं, उणे इंडेक्स मागून मोजणं आणि हद्दीबाहेर इंडेक्सएरर, हे तीन करार पाळायचेच.

उणे इंडेक्सचा एक सापळा तारखेच्या बाजूनेही आहे. ‘तारीख’ नावाच्या मेथडमध्ये सुरुवातीच्या तारखेत इंडेक्स मिळवला की काम झालं असं वाटतं. पण पाऊस[-१] ३० सप्टेंबरचा आकडा देतो आणि सुरुवात अधिक उणे एक म्हणजे ३१ मे. आकडा एका टोकाचा, तारीख दुसऱ्या टोकाची. यावर छोटासा, भरवशाचा उपाय असा की आधी रेंज(लेन)[इंडेक्स] करून घ्यावं. पायथनची रेंज स्वतः नीट वागणारी सीक्वेन्स असल्यामुळे उणे इंडेक्सचं ती योग्य धन इंडेक्समध्ये रूपांतर करते आणि हद्दीबाहेर इंडेक्सएररही तीच देते. आपण काहीच नवं लिहीत नाही.

तारखेवरून पाऊस हवा असेल तर? चौकटी कंसातच तारीख स्वीकारावी, पूर्णांक आला तर जागा समजावी आणि तारीख आली तर दिवस समजावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो वाईट नाही, पण मी तो देणार नाही. पांडाज या प्रसिद्ध लायब्ररीत ‘आयएक्स’ नावाची सोय अशीच दोन्ही अर्थ घेणारी होती. लेबलं स्वतःच पूर्णांक असली की ती जागा विचारते आहे की लेबल, हे वाचणाऱ्याला कळेना. २०१७ मध्ये ती कालबाह्य ठरवण्यात आली आणि २०२० च्या १.० आवृत्तीत काढून टाकली गेली. लेबलासाठी ‘लोक’ आणि जागेसाठी ‘आयलोक’ ही दोन वेगळी नावं उरली. लाखो लोक वापरतात त्या लायब्ररीला जो घोळ निस्तरायला वर्षं लागली, तो आपल्या प्रकल्पात मुद्दाम कशाला आणायचा? ‘दिवसाचा’ अशी स्वतंत्र मेथड असावी, तिला तारीख द्यावी, तिने आकडा द्यावा. ‘इन’चंही तसंच. फॉर-लूपमधून जे बाहेर येतं ते ‘इन’ने विचारल्यावर आत आहे असंच उत्तर यायला हवं. लूप पावसाचे आकडे देतो आणि ‘इन’ तारखा ओळखतं, अशी फारकत झाली की वाचणाऱ्याचा पाय घसरणारच.

सगळ्यात जास्त विचार मागणारा भाग स्लाइसचा. पाऊस[४७:५०] म्हणजे १८, १९ आणि २० जुलैच्या नोंदी. गेटआयटममध्ये पूर्णांकाऐवजी स्लाइस ऑब्जेक्ट येतो तेव्हा आतल्या टपलचा तुकडा तसाच परत दिला तर ज्या कारणासाठी क्लास लिहिला तेच हरवतं, कारण त्या तीन आकड्यांना आपण जुलैचे आहोत हे माहीत नसतं. म्हणून स्लाइसमधून नवा पर्जन्यक्रम परत यावा. केंद्र तेच, सुरुवातीची तारीख मात्र पुढे सरकलेली. सरकवायची किती, याचं उत्तर स्लाइसच्या इंडिसेस या मेथडला लेन देऊन मिळवावं. ती सुरुवात, शेवट आणि पायरी हे तिन्ही आकडे साफ करून देते: उणे आकडे, न दिलेली टोकं, हद्दीबाहेरची टोकं, सगळं. पाऊस[२००:] सारखी पूर्ण बाहेरची स्लाइससुद्धा मग रिकामी आणि १ ऑक्टोबरला सुरू होणारी निघते, जे तर्काला धरून आहे. अडचण येते पायरीशी. पाऊस[::७] म्हणजे दर सातव्या दिवसाची नोंद. आपल्या क्लासला एक सुरुवात आणि सलग दिवस एवढंच माहीत आहे, सात-सात दिवसांच्या उड्या त्यात बसत नाहीत. इथे तीन वाटा आहेत: रेंजप्रमाणे पायरीही आत साठवायची, साधा टपल परत द्यायचा, किंवा स्वच्छ शब्दांत व्हॅल्यूएरर द्यायचा. पहिली वाट योग्य असली तरी तिच्यासाठी प्रत्येक मेथडमध्ये पायरीचा विचार करावा लागतो. दुसरी वाट एकाच चिन्हातून कधी पर्जन्यक्रम, कधी टपल देते. मी तिसरी निवडेन. ज्याला दर सातवा आकडा हवा आहे त्याने आधी टपल करून घ्यावा, म्हणजे तारीख सोडतो आहोत हे त्याने स्वतः लिहिलेलं असेल. इथे कुणी म्हणेल की लिस्टसारखंच वागायचं ठरवून पायरी नाकारणं विसंगत आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण नाकारणं आणि चुकीचं उत्तर देणं यांत मोठं अंतर आहे, आणि वर मांडलेला आग्रह त्या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध आहे.

समानतेबाबत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: सीक्वेन्स क्लास ईक्यू पुरवत नाही. सेट आणि मॅपिंग हे त्याचे शेजारी पुरवतात, हा नाही. त्यामुळे तंतोतंत सारखे दोन पर्जन्यक्रम ‘बरोबर’ चिन्हाने तपासले तर उत्तर ‘नाही’ येतं. ईक्यू आपण लिहावी, तिच्यात केंद्र, सुरुवातीची तारीख आणि आकडे हे तिन्ही जुळवावेत, आणि समोर वेगळ्या प्रकारचा ऑब्जेक्ट असेल तर नॉटइम्प्लिमेंटेड परत द्यावं. पायथनमध्ये टपल आणि लिस्ट एकमेकांशी समान नसतात, मग पर्जन्यक्रम आणि लिस्ट समान ठरवायचं कारण नाही. ईक्यू लिहिली की पायथन हॅश काढून घेतो. आपला ऑब्जेक्ट बदलत नसल्याने त्याच तीन गोष्टींवरून हॅश परत द्यावी. जोडणीचं अधिक चिन्हही आपल्यालाच लिहावं लागतं, आणि इथे रॅपरची खरी किंमत दिसते. जून अधिक जुलै हे तेव्हाच चालावं, जेव्हा केंद्र एकच आहे आणि एकाच्या शेवटानंतरचाच दिवस दुसऱ्याची सुरुवात आहे. कर्जतच्या जूनला माथेरानचा जुलै जोडण्याचा प्रयत्न तिथल्या तिथे अडतो. साध्या लिस्टने तो निमूटपणे जोडून दिला असता.

खाड्यांचं काय? पर्जन्यमापक बंद पडला, नोंद आली नाही, असे दिवस असतातच. तिथे शून्य लिहिणं हे सर्वांत घातक, कारण शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’ हे ठाम विधान आहे. नॅन ठेवलं तर बेरीजही नॅन होते आणि नॅन स्वतःशीसुद्धा समान नसल्यामुळे आपली ईक्यू गोंधळात पडू शकते. नन ठेवावं. मग साधी बेरीज करू पाहणाऱ्याला लगेच टाइपएरर मिळेल आणि खाड्यांचं काय करायचं हे त्याला ठरवावं लागेल. ‘एकूण’ अशी मेथड द्यायची असेल तर खाडे वगळायचे की अडवायचे, हे तिला सांगणं सक्तीचं करावं. पावसाच्या मर्यादा मात्र या क्लासमध्ये कोंबू नयेत. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ पाऊस धरतात, ११५.६ पासून ‘अति जोरदार’. राज्यात पिकांच्या नुकसानीसाठी अतिवृष्टी ठरवताना २४ तासांत ६५ मिलिमीटरची कसोटी लावतात. निकष कामानुसार बदलतात, त्यांची फंक्शन बाहेर असावीत. ती फंक्शन कोणत्याही सीक्वेन्सवर चालतील, पर्जन्यक्रमावरही.

चालू हंगामात रोज एक नोंद येते, मग न बदलणारा ऑब्जेक्ट कसा चालेल, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यासाठी म्यूटेबलसीक्वेन्स आहे. तो आणखी तीन मेथड मागतो, सेटआयटम, डेलआयटम आणि इन्सर्ट, आणि त्याची एक्स्टेंड अपेंडमार्फत, अपेंड इन्सर्टमार्फत जाते. म्हणजे नवा आकडा घालण्याच्या या वाटांसाठी तपासणी एका जागी येते आणि वारशातली उघड्या दारांची अडचण बरीच दूर होते. ज्या यादीत मध्ये घालणं-काढणं अर्थपूर्ण आहे, तिथे हाच मार्ग घ्यावा. पण दिवसांच्या रांगेत मध्ये इन्सर्ट केलं तर त्यापुढचा प्रत्येक दिवस एकाने ढकलला जातो. एक दिवस काढून टाकला तर उलट. जी मेथड लिहून आत फक्त ‘हे करता येणार नाही’ एवढंच म्हणायचं, ती मुळात नसलेली बरी. त्याऐवजी ‘पुढचा_दिवस’ ही एकच मेथड ठेवावी. तिला आकडा द्यायचा, ती शेवटी एक दिवस वाढलेला नवा पर्जन्यक्रम परत देते. १२२ आकड्यांची प्रत रोज एकदा करायला संगणकाला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो.

वेगाचा आक्षेपही इथेच तपासून घेऊ. लिस्टची गेटआयटम सी भाषेत लिहिलेली आहे आणि आपली पायथनमध्ये, त्यामुळे प्रत्येक घटक काढताना आपला क्लास हळू पडतो, हे खरं. पण ५० वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे सुमारे १८ हजार आकडे, आणि एवढ्यासाठी फरक जाणवत नाही. जाणवला तर इटर स्वतः लिहावी आणि तिच्यात आतल्या टपलचा इटरेटर तसाच परत द्यावा. सीक्वेन्सची कंटेन्सही इटरवरूनच चालत असल्याने तीही वेगवान होते. आणखी पुढे जाऊन आत टपलऐवजी नमपायचा ॲरे ठेवला, तरी बाहेरच्या कोणत्याही ओळीला हात लावावा लागत नाही. आतलं बदलायची ही मोकळीक लिस्टच्या सबक्लासला कधीच नसते.

क्लास लिहून झाला की त्याची चाचणी साध्या टपलसमोर उभी करून घ्यावी. शून्य ते पाच घटकांचे क्रम घ्या आणि प्रत्येकासाठी उणे सातपासून सातपर्यंतची सगळी टोकं, शिवाय टोक न देणं, अशा सगळ्या जोड्यांच्या स्लाइस काढा. दीड हजारांच्या आसपास जोड्या होतात आणि क्षणात तपासून होतात. प्रत्येक वेळी आतून आलेले आकडे टपलच्या स्लाइसशी जुळले पाहिजेत आणि तुकडा रिकामा नसेल तर त्याची पहिली तारीख मूळ क्रमातल्या त्याच जागेच्या तारखेशी जुळली पाहिजे. लूपमधून आलेली यादी आणि शून्यापासून लेनपर्यंत एकेक इंडेक्स विचारून केलेली यादी या दोन्ही सारख्या असाव्यात. एकपासून मोजणारा क्लास या एका ओळीत पकडला जातो. रिकाम्या क्रमाची चाचणी वगळू नका. लेन शून्य असली की पायथन ऑब्जेक्टला असत्य मानतो, म्हणून ‘जर पाऊस’ असं लिहिलेली अट नोंद मिळालीच नाही आणि नोंद मिळाली पण रिकामी आहे यांत भेद करत नाही. तिथे नन आहे का, हेच स्पष्ट विचारावं.

एक गैरसोय उरते आणि ती मान्य करायला हवी. काही लायब्ऱ्या समोर लिस्ट किंवा टपलच आहे का असं तपासतात. पायथनचं जेसन मोड्यूल पर्जन्यक्रम तसाच लिहून देणार नाही, टाइपएरर देईल. लिस्टचा सबक्लास त्याने बिनतक्रार लिहिला असता, हे वारशाच्या बाजूचं सर्वांत मजबूत कारण म्हणून सांगितलं जातं. पण त्याने नेमकं काय लिहिलं असतं? चौकटी कंसात १२२ आकडे. केंद्र नाही, तारीख नाही. ती फाइल महिन्याभराने दुसऱ्या विद्यार्थ्याने उघडली तर पहिला आकडा कोणत्या दिवसाचा हे शोधायला त्याला पुन्हा मूळ माणसाकडेच जावं लागेल. म्हणून क्लासमध्ये ‘डिक्शनरीत’ आणि ‘डिक्शनरीतून’ अशा दोन मेथड ठेवाव्यात. पहिलीने केंद्र, सुरुवातीची तारीख आणि आकडे या तीन गोष्टी बाहेर द्याव्यात. दुसरीने त्या आत घेताना थेट आतल्या टपलला हात न लावता नेहमीच्याच कन्स्ट्रक्टरकडे सोपवाव्यात, म्हणजे फाइलमधून आलेल्या नोंदीलाही तीच तपासणी लागू होईल जी हाताने भरलेल्या नोंदीला लागते.